भिंतीकडे तोंड करून बसलेला बाक

माणसानं आयुष्यात एकदा तरी टीव्हीवर यावं, हे माझं जुनं मत आहे. साडूच्या आधी यावं, हे त्याहून जुनं. यातलं दुसरं मत मागच्या वर्षी निकालात निघालं. कुठल्याशा पुलाच्या उद्‌घाटनाच्या बातमीत आमचे साडू मागच्या रांगेत पावणेदोन सेकंद दिसले. तेही अर्धेच, म्हणजे उजवा कान आणि थोडा खांदा. पण तेवढ्या कानाच्या जोरावर त्या गृहस्थांनी सासरी मला जे ऐकवलं ते अख्ख्या दिसलेल्या माणसानंही ऐकवू नये. हल्ली त्यांची वाक्यंच "टीव्हीवर होतो तेव्हा" अशी सुरू होतात.

सरकारी वाहिनीवर रविवारी सकाळी 'आडगल्लीतला इतिहास' नावाची मालिका लागते. राजे, लढाया, किल्ले यांना तिथे मज्जाव. एखाद्या शाळेची घंटा उलटी का टांगली आहे, एखाद्या गावातल्या टपालपेटीला दोन तोंडं का, असल्या गोष्टींच्या मुळाशी ती माणसं अर्धा तास जातात आणि बहुतेक वेळा हात हलवत परत येतात. शेवटी निवेदिका गोड हसून म्हणते, तुमच्या गावात असं काही विचित्र असेल तर आम्हाला कळवा. घरातल्या कोणी माझ्याकडे बघायच्या आत मी म्हटलं, बाक.

आमच्या गावातल्या नगरपालिकेच्या बागेत एक बाक आहे. बागेतले बाकीचे अकरा बाक शहाण्यासारखे हिरवळीकडे, कारंज्याकडे बघतात. हा बारावा भिंतीकडे तोंड करून बसलेला. भिंतही अशी की पाय लांब केले तर चपला तिला टेकतात. पलीकडे पाणीपट्टीचं ऑफिस, त्यामुळे तिकडून ऐकू येतं तेही मन रमावं असं काही नाही. माझ्या जन्मापासून तो बाक असाच आहे आणि माझ्या जन्मापासून गाव त्याला हसतं आहे. शाळेत एखाद्याला भिंतीकडे तोंड करून उभं केलं की "बाक झाला" म्हणायची पद्धत होती. मी स्वतः तीनदा बाक झालेलो आहे.

मी त्याच दिवशी वाहिनीला पत्र लिहिलं. त्यात तीन उपपत्त्या मांडल्या. पहिली, जुन्या काळचे हेर तिथे पाठमोरे बसून निरोप देत-घेत असावेत. दुसरी, एखाद्या तत्त्वचिंतकानं तो ध्यानासाठी करवून घेतला असावा. तिसरी, जी मला मनातून पटत होती, ती अशी की नगरपालिकेत एक महामूर्ख कर्मचारी होऊन गेला असावा. शिवाय त्या भिंतीवर बरोबर बाकासमोर एक चौकोनी डाग आहे, तिथल्या विटा वेगळ्या आहेत, तेव्हा तिथे गुप्त दरवाजा असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असंही लिहिलं. खाली सही केली आणि सहीखाली 'इतिहास अभ्यासक' असं लिहिलं. मी विमा कंपनीत दावे तपासतो. पण दावे तपासणं म्हणजे तरी काय, झालेलं खरं झालं का हे बघणं. म्हणजे इतिहासच.

पंधरा दिवसांत उत्तर आलं. तिसऱ्या आठवड्यात चित्रीकरणाला येतो, तुमची मुलाखत घेऊ, नगरपालिकेची परवानगी तेवढी तुम्ही काढून ठेवा. मी ते पत्र घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. 'इतिहास अभ्यासक' हे शब्द टीव्हीच्या पडद्यावर माझ्या नावाखाली येणार होते. ते दिसताक्षणी साडूंचा तो उजवा कान कायमचा पडणार होता. बायको म्हणाली, "अहो, तुम्हाला टीव्हीवर यायचंय की त्यांना टीव्हीवरून घालवायचंय?" बायकांना इतिहासाची जाण कमीच.

बाबांनी मात्र वर्तमानपत्र खाली केलं. माझे वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. नगरपालिकेच्या उद्यान विभागात ते कारकून होते, आणि त्यांच्या आयुष्याचं सार एका वाक्यात आहे: छत्तीस वर्षं नोकरी केली, एक मेमो नाही. हे वाक्य मी नापास झालो तेव्हा ऐकलं, पास झालो तेव्हा ऐकलं, लग्नात सासऱ्यांना ऐकवलेलं ऐकलं. मला ऑफिसात पहिला मेमो मिळाला तेव्हा तर ते आठवडाभर ऐकलं. मी विचारलं, बाबा, तुम्ही तर तिथेच होतात, तो बाक कोणी बसवला?

"असेल कोणीतरी," बाबा म्हणाले. "जुन्या गोष्टी कशाला उकरून काढतोस?"

मी म्हटलं, उकरणं हाच इतिहास. आणि तो कोण मूर्ख होता ते गावाला कळायला नको? त्यावर आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "त्या मूर्खाबद्दल जरा जपून बोल रे." मला वाटलं, आईला एकूणच कोणाला मूर्ख म्हटलेलं आवडत नाही. बाबांनी वर्तमानपत्र परत वर केलं. ते उलटं धरलं होतं, असं मी लिहिलं तर गोष्ट रंगेल. पण ते सुलटं होतं, फक्त कालचं होतं.

परवानगीसाठी मी नगरपालिकेत गेलो. उद्यान विभागातल्या कारकुनानं माझं शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की बाक आमचा, पण तो बघतो ती भिंत बांधकाम विभागाची. बांधकामात म्हणाले, भिंत आमची, पण तिच्याकडे बघणं हा विषय आमच्याकडे येत नाही. पाणीपट्टीवाल्यांनी कळवलं की भिंतीची आतली बाजू त्यांची आहे आणि आतून बाक दिसत नसल्यामुळे त्यांना तो असल्याचं अधिकृतपणे माहीत नाही. चौथ्या दिवशी मी परत पहिल्या कारकुनापुढे उभा राहिलो. त्याला माझी दया आली. तो म्हणाला, रीतसर अर्ज करा.

अर्ज म्हटला की आमच्या जिन्यात हेडमास्तरांना टाळता येत नाही. खालच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर. त्यांनी आयुष्यभर इतके अर्ज फेटाळले की कुठला अर्ज मंजूर होतो हे आपल्याइतकं कोणाला कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. माझा कच्चा मसुदा त्यांनी वाचला. 'सदर बाकाचे चित्रीकरण करण्यास कृपया परवानगी मिळावी,' इतकंच मी लिहिलं होतं. ते हसले, तसे ते पूर्वी मुलांच्या पेपरकडे बघून हसत असतील. म्हणाले, "असल्या मऊ अर्जाला कुत्रं विचारत नाही. ठासून लिहा. बाब गंभीर आहे हे त्यांना कळू द्या."

मग त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. 'सदर बाक गेली पन्नासहून अधिक वर्षे चुकीच्या दिशेस तोंड करून आहे. ही बाब अत्यंत गंभीर असून आजवर एकाही अधिकाऱ्याने तिची दखल घेतलेली नाही. आता सरकारी वाहिनी या प्रकाराची दखल घेण्यासाठी येत आहे. तरी तातडीने योग्य ती कार्यवाही व्हावी.' परवानगी हा शब्द कुठेतरी यायला हवा होता हे माझ्याही लक्षात आलं, पण हेडमास्तर म्हणाले, ते ओघानं आलंच. त्यांच्यापुढे मी अजूनही शाळेतच असतो. अर्जाच्या तीन प्रती दिल्या, पोच घेतली, आणि शिक्का बघून इतक्या समाधानानं घरी आलो की वाटेत साडूंना फोन करून उगाच त्यांची तब्येत विचारली.

त्यानंतरचे दिवस तयारीत गेले. सगळ्या जिन्याला मी टीव्हीवर येणार हे कळलं होतं आणि सगळ्या जिन्याला त्याबद्दल मत होतं. निळा शर्ट घाला, निळा घालू नका, चष्मा काढा, चष्म्याशिवाय तुम्ही कोणी वेगळेच दिसता. मी आरशासमोर उभं राहून मुलाखतीचा सराव करत असे. "कोण होता हा महामूर्ख?" असं म्हणून मी थोडा थांबत असे, मग भुवया उंचावत असे. एकदा मागे बाबा उभे होते.  आत जाऊन आईला म्हणाले, याला सांग, शर्टाची कॉलर नीट कर. मला वाईट वाटलं. मुलगा टीव्हीवर चालला आहे आणि बापाला कॉलर दिसते.

चित्रीकरणाच्या दिवशी दहा वाजता वाहिनीची गाडी आली. दिग्दर्शिका बाई चटपटीत होत्या. त्यांच्याबरोबर कॅमेरावाले आणि निवेदिका. मी पुढे, मागे ही मंडळी, त्यांच्यामागे हेडमास्तर, बायको आणि निम्मा जिना अशी आमची मिरवणूक बागेत शिरली. कारंज्याला वळसा घालून मी हात पसरले आणि सरावाप्रमाणे म्हणालो, "हाच तो बाक."

बाक हिरवळीकडे बघत होता.

पाठ भिंतीला, तोंड कारंज्याला. बाकीच्या अकरांसारखा. ताजा हिरवा रंग दिलेला, आणि पायांशी अजून ओलं असलेलं सिमेंट. दिग्दर्शिका बाईंनी बाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. निवेदिकेनं विचारलं, यात विचित्र काय आहे? आयुष्यात पहिल्यांदा माझ्याजवळ एकही उपपत्ती नव्हती.

इतक्यात उद्यान विभागाचे ते कारकून घाईघाईनं आले. इस्त्रीचे कपडे, केसांना तेल, हातात फाइल. चेहऱ्यावर असा आनंद की तो मी सरकारी ऑफिसात कधी पाहिलेला नाही. म्हणाले, "साहेब, तुमची तक्रार निकाली काढली. आठ दिवसांत. आमच्या खात्यात असं कधी झालेलं नाही." माझी परवानगी तिथे तक्रार म्हणून नोंदली गेली होती. 'अत्यंत गंभीर' आणि 'सरकारी वाहिनी' हे शब्द वाचून मोठे साहेब स्वतः उभे राहिले होते आणि बाक फिरवून घेतला होता. मी मागे वळून हेडमास्तरांकडे पाहिलं. ते एका झाडाचं पान फार बारकाईनं बघत होते.

कारकून सांगत होते की गंमत म्हणजे याच बाकाबद्दलचा जुना आदेशही फाइलमध्ये सापडला. बावन्न वर्षांपूर्वीचा. कोणा कर्मचाऱ्यानं तो बाक परवानगी न घेता फिरवला, म्हणून त्याला मेमो दिला होता, बाक पूर्ववत करायला सांगितलं होतं, आणि ते कोणी केलंच नाही. "म्हणजे आज तोही आदेश पूर्ण झाला," ते म्हणाले आणि त्यांनी त्या मेमोची प्रत माझ्या हातात ठेवली.

दिग्दर्शिका बाईंचे डोळे चमकले. कॅमेरा सुरू झाला. अभ्यासक, वाचा, त्या म्हणाल्या. अखेर तो क्षण आला होता. महामूर्ख माझ्या हातात होता, कागदावर, तारखेसकट.

वरचा मजकूर टाईप केलेला होता. बाक विनापरवानगी फिरवल्याचे निदर्शनास आले आहे, लेखी खुलासा करावा, बाक तात्काळ पूर्ववत करावा. त्याखाली शाईनं, हातानं लिहिलेला खुलासा होता. दोनच ओळींचा. 'बाक फिरवला हे खरे आहे. एकवीस दिवसांची मुदत मिळावी, त्यानंतर पूर्ववत करीन.' आणि खाली सही. नावाचं अक्षर लागत नव्हतं, पण सहीच्या शेपटीला दोन वेटोळी होती. ती वेटोळी माझ्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर आहेत. लहानपणी ती हुबेहूब काढायचा प्रयत्न केल्याबद्दल मी मार खाल्लेला आहे.

मी तारीख पाहिली. माझ्या जन्मानंतरचा पाचवा दिवस.

"काय लिहिलंय?" निवेदिकेनं विचारलं. मी कागदाची घडी घातली आणि खिशात टाकली. म्हटलं, अक्षर लागत नाही. कोण होता ते कळत नाही. कॅमेरा चालू होता, माझी कॉलर एका बाजूनं उभी होती, आणि टीव्हीवर येण्याची माझी सगळी हौस फिटली होती. छत्तीस वर्षं, एक मेमो नाही. ते वाक्य मोडायचं असेल तर ते माझ्या हातून नको, एवढंच मला वाटत होतं.

"अक्षर चांगलं आहे माझं," मागून आवाज आला.

बाबा आणि आई कधी आले होते कोण जाणे. बाबांनी लग्नकार्यातला कोट घातला होता. त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला. मी कागद दिला. त्यांनी तो उघडून पूर्ण वाचला, जणू एखादी चूक राहिली आहे का ते तपासत होते, आणि मग निवेदिकेला म्हणाले की फिरवणारा मी.

त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. आज पाणीपट्टीचं ऑफिस आहे तिथे तेव्हा सरकारी प्रसूतिगृह होतं. मी दीड महिना आधीच जन्माला आलो होतो, मूठभर वजनाचा, आणि जगेन असं डॉक्टरही सांगत नव्हते. मला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. पुरुषांना आत प्रवेश नव्हता. पण बागेच्या बाजूला एक खिडकी होती, आणि रोज पाच वाजता नर्स मला खिडकीशी आणून दोन मिनिटं वर धरायची. खिडकी बुजवली ती प्रसूतिगृह नव्या जागेत गेल्यावर. मी ज्याला गुप्त दरवाजा म्हणत होतो तो हा. इतिहास अभ्यासकाला सगळ्या गावाचा इतिहास विचारावासा वाटला, स्वतःचा जन्म नेमका कुठे झाला एवढं मात्र विचारायचं राहून गेलं.

"मग नुसतं उभं राहून बघायचं ना," निवेदिका म्हणाली. "बाक कशाला फिरवायचा?"

"भिंतीजवळ उभे राहण्यास मनाई होती," बाबा म्हणाले. "तसा बोर्ड होता. मीच रंगवून घेतलेला. बसण्यास मनाई नव्हती."

"पाच वाजता दाखवायची, तर हे साडेचारपासून येऊन बसायचे," आई म्हणाली. "चार दिवस मान मागे वळवून बसले. पाचव्या दिवशी मान धरली. मग बाकच फिरवला."

मी विचारलं, एकवीस दिवसांनी तो पूर्ववत का नाही केलात? बाबा जरा ओशाळले. म्हणाले, एकविसाव्या दिवशी तुला घरी आणलं, त्या गडबडीत राहून गेलं. दोन दिवसांनी आठवण झाली म्हणून गेलो, तर तिथे दुसराच एक माणूस बसला होता, खिडकीकडे बघत. त्याच्या खालून बाक कसा काढायचा? मग तिसरा आला. तोवर मेमो देणाऱ्या साहेबांची बदली झाली. पुढे प्रसूतिगृहही गेलं, आणि तोवर बाकाकडे लक्ष देणारा कोणी उरला नव्हता, हसणारे तेवढे होते.

"पण मेमो मिळाला नाही असं सांगत होतो ते खोटं होतं," बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले. "एक होता."

 बावन्न वर्षं हा माणूस गावाचं हसणं ऐकत होता आणि शेवटचा आठवडाभर तर स्वतःच्या घरात, आरशासमोर भुवया उंचावून सराव करणाऱ्याचं ऐकत होता. मी म्हटलं, बाबा, मी तुम्हाला महामूर्ख म्हटलं. ते म्हणाले, "आईनं सांगितलं होतं तुला जपून बोल म्हणून. तू ऐकतोस कुठे कोणाचं?" आणि त्यांनी माझी कॉलर नीट केली.

दिग्दर्शिका बाईंनी डोळे पुसले आणि विचारलं, तुम्ही एकदा त्या बाकावर तसे, भिंतीकडे तोंड करून बसाल का? कारकून म्हणाले, बाक फिरवायचा तर नवा अर्ज लागेल. हेडमास्तरांनी पान सोडलं आणि खिशातून पेन काढलं. पण माझे बाबा, ज्यांनी आयुष्यभर हिरवळीवर पाय ठेवला नाही कारण तसा बोर्ड आहे, ते बाकाला हात घालून म्हणाले, "अर्ज नको. तू त्या बाजूनं धर."

सिमेंट ओलंच होतं. मी, हेडमास्तर आणि कॅमेरावाले लागलो आणि बाक फिरला. रंग माझ्या निळ्या शर्टाला लागला, तो अजून गेलेला नाही. बाबा बसले, शेजारी आई बसली, मग बाबांनी सरकून मला जागा केली. समोर चौकोनी डाग.  चपला भिंतीला टेकत होत्या.

भाग तीन रविवारांनी लागला. सगळा जिना आमच्या बैठकीत होता आणि साडूही मुद्दाम आले होते. माझ्या तिन्ही उपपत्त्यांना त्यात जागा नव्हती. भुवया उंचावायची तर वेळच आली नव्हती. राहिले ते आम्ही तिघं, बाकावर, पाठमोरे. बाबांच्या पाठीखाली पडद्यावर अक्षरं आली: 'बाक फिरवणारे'. माझ्या पाठीखाली आली: 'त्यांचा मुलगा'. बस्स. साडू म्हणाले की तुमचा तर कानही दिसला नाही. मी म्हटलं, हो ना. आणि खरं सांगतो, मला त्याचं काही वाटलं नाही.

पुढच्याच आठवड्यात नगरपालिकेचं पत्र आलं, या वेळी माझ्या नावानं. बाक विनापरवानगी फिरवल्याचे व ओल्या सिमेंटचे नुकसान केल्याचे वाहिनीवरून निदर्शनास आले आहे, लेखी खुलासा करावा, बाक तात्काळ पूर्ववत करावा. हेडमास्तरांना जिन्यात कुणकुण लागायच्या आत मी दार लावून घेतलं आणि कागद-पेन घेऊन बाबांपुढे बसलो. म्हटलं, कसं लिहू?

बाबांनी चष्मा पुसला, पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, "थोडक्यात लिही. फिरवला हे खरं आहे म्हण. आणि मुदत मागून घे."

"किती दिवसांची?"

बाबांनी आईकडे पाहिलं.

"लिही, एकवीस," ते म्हणाले.